बिबड्यांच्या पाकिटावर "आजीच्या हातची चव" लिहू का?

तापीकाठचा:
नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात आमचं घरगुती काम आहे, बिबड्या (म्हणजे ज्वारीचे खान्देशी पापड), उडदाचे पापड आणि काळा मसाला. 6 वर्षं ओळखीवरच खपत होतं, आता पुण्या-नाशिकला कुरिअरने पाठवायचं म्हणून नवीन पाकीट करतोय. डिझाईनवाल्या पोराने नमुना पाठवला त्यावर कोण कुठली नऊवारीतली आजी चुलीसमोर बसलेली आणि खाली "100% अस्सल, आजीच्या हातची चव". दिसायला भारी आहे हो, पण आमची आजी 2 वर्षांपूर्वी गेली, मसाला डंकावरून, म्हणजे कुटायच्या गिरणीतून, कुटून आणतो आणि पापड मागच्या वर्षीपासून मशीनवर लाटतो. फक्त बिबड्या अजून आई आणि गल्लीतल्या 4 बाया हातानेच थापतात. पोरगा म्हणतो काका सगळेच असं लिहितात. मला काही पटत नाहीये. मशीनचं लपवावं का?

पिंप्राळ्याची ताई:
भाऊ, आधी ती फोटोतली आजी काढा. मी शेंगदाण्याच्या चटणीवर "चुलीवरची" लिहायचे, शेंगदाणे भाजायचे मात्र गॅसवर. एक बाई पार्सल घ्यायला घरी आल्या, सरळ स्वयंपाकघरात डोकावल्या, कढईकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. दर महिन्याला 2 किलो नेणारं गिऱ्हाईक, परत आलंच नाही. अजून लागतं मला ते.
तुमच्याकडे दाखवायला किती आहे बघा ना! ज्वारी 3 दिवस भिजवायची, भरडायची, पहाटे 4 ला पातेलं चढवायचं, लसूण-मिरची-तीळ घालून हाटायचं, मग खाटेवरच्या ओल्या धोतरावर थापायचं. आणि वाळल्यावर कापड उलटं करून मागून पाणी शिंपडतात आणि बिबडी अलगद सुटते, ते एवढंच मोबाईलवर काढा, जवळून. ते हात आणि तो आवाज कुठल्या फोटोत विकत मिळत नाही.

लेबलवाला:
कायद्याचंही बघा दादा. एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) जाहिरात आणि दाव्यांचे 2018 चे नियम आहेत, त्यात "अस्सल", "पारंपरिक", "शुद्ध" असले शब्द कुठे वापरायचे यावर बंधन आहे, आणि गैरसमज होईल असं "घरगुती" लिहिणंही चालत नाही. ब्रँडच्या नावातच तसा शब्द असला तर हे फक्त नाव आहे असा खुलासा निदान 3 मिमी अक्षरात छापावा लागतो. एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर आणि शाकाहारीचा हिरवा ठिपका विसरू नका. आणि त्या 4 बायांना विचारल्याशिवाय त्यांचे फोटो टाकू नका, ती त्यांची मेहनत आहे.

धुळ्याचा पुण्यात:
ताईंचं बरोबर आहे पण नुसतं खरं सांगून माल जात नाही. इथे माझ्या ऑफिसात बिबडी म्हणजे काय हेच कोणाला माहीत नाही, एकाने कच्चीच चावली. तळायची कशी, निखाऱ्यावर भाजायची कशी, सोबत कच्चं तेल आणि शेंगदाणे, हे पाकिटावर लिहा. आणि आधी इथल्या खान्देशी माणसाला विका, तो लहानपणी खाटेवरची ओली बिबडी तेल लावून खाल्लेला असतो, त्याला अस्सल शब्दाची गरजच नाही, वास आला की ओळखतो. मशीनचं लपवू नका. पापड सारखा जाड येतो आणि आईचे खांदे वाचतात, हेही सांगण्यासारखंच आहे की.

तापीकाठचा:
सगळ्यांचे खूप आभार, रात्री आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली "लबाड नको बोलू बेटा, मशीन लिही, पण बिबडी कोनी थापी तेबी लिही." बाया फोटोला तयार आहेत, फक्त एकीला चेहरा नको, तिचे हातच घेऊ. पाकीट असं ठरलंय: बिबड्या हाताने थापलेल्या, पापड मशीनवर लाटलेले, मसाला गावातल्या डंकावर कुटलेला, मागे तळायची आणि भाजायची रीत. पोराला आजी काढायला सांगितली. गुरुवारी पहाटे पातेलं चढणार आहे तेव्हाच शूट करतो, फक्त दुपारी ऊन कडक पडलं पाहिजे.