घरी शिकणाऱ्या मुलांना मोकळीक कशी द्यावी?

प्रश्न: आमची नऊ आणि बारा वर्षांची मुले घरीच शिकतात. आम्ही एकत्र बसतो, परंतु प्रत्येक उदाहरणानंतर धाकटी माझ्या चेहऱ्याकडे पाहते आणि मी मान हलवल्याशिवाय पुढे जात नाही. ही जवळीक न गमावता तिला स्वावलंबी कसे करावे?

उत्तर १: तपासणी तिच्याच हाती सोपवावी. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले; त्यांच्या साधनांपैकी दट्ट्यांच्या पेटीत, म्हणजे वेगवेगळ्या मापांचे लाकडी दट्टे आपापल्या खाचेत बसवायच्या ठोकळ्यात, एखादा दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला, तर शेवटचा नीट बसत नाही, आणि कोणी न सांगताच मुलाला चूक कळते. गणितात हेच काम पडताळा करतो. भाजक आणि भागाकार यांच्या गुणाकारात बाकी मिळवून भाज्य येते का, हे तिने स्वतः पाहावे आणि मगच वही तुमच्याकडे आणावी.

उत्तर २: मोठ्यासाठी विषय तुम्ही ठरवावेत, क्रम मात्र त्याने ठरवावा. काम राहिले, तर लगेच आठवण करून देऊ नये.

उत्तर ३: वरील सूचना योग्यच आहेत, तरीही मोकळीक म्हणजे खोलीतून उठून जाणे नव्हे, असे मला मनापासून वाटते. शेजारीच बसावे, पण स्वतःचे वाचन घेऊन, आणि तिने विचारल्यावर उत्तर देण्याऐवजी ‘तू आतापर्यंत काय करून पाहिलेस?’ असे विचारावे.