सिमेंट जास्त म्हणजे ताकद जास्त?

मिक्स डिझाइनवाला:
काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्याची, म्हणजे क्यूबची, ताकद कमी भरली की पहिला उपाय ठरलेला असतो, "सिमेंट वाढवा." मला हे अजिबात पटत नाही. ताकद ठरते पाणी-सिमेंट गुणोत्तरावर, आणि अमेरिकी संशोधक डफ एब्रम्सने हे १९१८ मध्येच मांडलंय. गुणोत्तर ०.४५ आणि घनमीटरला पाणी १८० लिटर धरलं तर सिमेंट लागतं ४०० किलो. प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही माल सैल ठेवणारं रसायन) घालून पाणी १५५ वर आणलं की त्याच गुणोत्तराला ३४५ किलो पुरतं. जादा सिमेंटने उलट उष्णता वाढते, आकुंचनाच्या भेगा पडतात.

साइट इंजिनियर:
सर, माल कागदावर ओतत नाहीत. घनमीटरात ७०० किलो वाळू. पावसात भिजून ५ टक्के ओलावा धरला की ३५ लिटर पाणी न सांगता आत येतं. त्यात माल घट्ट वाटला की पाइप घेऊन पाणी मारणारा कुणीतरी असतोच. हा धक्का माझे ४०० किलो पेलतील, तुमचे ३४५ नाही.

मिक्स डिझाइनवाला:
तुमचेच आकडे मांडून बघा. २१५ भागिले ४००, म्हणजे ०.५४. १९० भागिले ३४५, म्हणजे ०.५५. दोन्हीकडे माल सारखाच बिघडला! मग ते ५५ किलो कशाचा विमा होते? रोज सकाळी ५०० ग्रॅम ओली वाळू तव्यावर कोरडी करून वजन करा. ४७६ भरली तर ओलावा ५ टक्के. तेवढं पाणी बॅचमधून वजा करा आणि वाळू तेवढीच वाढवा.

दुरुस्तीची कामं करणारी:
ताकदीवरच थांबू नका. मी गंजलेल्या सळया रोज उघड्या करते. खाऱ्या हवेत किमान सिमेंटची मर्यादा पाळायलाच हवी, क्यूब कितीही छान येवो.

मिक्स डिझाइनवाला:
मान्य, ताई. त्या मर्यादेखाली मी जात नाही, वरचं फुगवलेलं काढा म्हणतोय. ३० मेगापास्कल (ताकदीचं एकक) च्या काँक्रीटला प्रमाण विचलन, म्हणजे निकालांमधला चढउतार, ५ असेल तर सरासरी ३८.२५ गाठावी लागते. ते ३ वर आलं की त्याच हिशेबाने ३४.९५ येते, फक्त आपलं मानक ३६.५ च्या खाली जाऊ देत नाही. खरी बचत तिथे आहे.

साइट इंजिनियर:
तवा उद्यापासून ठेवतो. सिमेंट मात्र एकदम उतरवणार नाही. ३० नमुन्यांचे निकाल हातात येऊन विचलन खरंच ३ दिसलं, की १०-१० किलोंनी खाली येईन. सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) खोलताना खाली माझी माणसं उभी असतात.