वारसाने आलेलं रिव्हॉल्व्हर: बॅरलवर १९१४ आहे म्हणजे तेव्हाचंच ना?

अस्मि_ज:
आजोबांचं रिव्हॉल्व्हर आता माझ्या नावावर झालंय, कागदपत्रं सगळी रीतसर झालीत, विकायचं वगैरे अजिबात नाहीये. फक्त ते कुठलं आणि कधीचं एवढं कळायला हवंय. घरात सगळे सांगतात की पणजोबांनी पहिल्या महायुद्धात वापरलेलं. बॅरलवर स्मिथ अँड वेसन आणि पेटंटच्या तारखांची रांग आहे, शेवटची २९ डिसेंबर १९१४, म्हणजे जुळतंय ना? बॅरल ५ इंची, बाजूला ३८ एस अँड डब्ल्यू सीटीजी (म्हणजे कुठलं काडतूस लागतं ते), रंग राखाडी, चमक नाही, मुठीला साधं गुळगुळीत लाकूड आणि तळाला कडी. तळावरच व्ही आणि पुढे सहा आकडे. पण फ्रेमच्या वर युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी लिहिलंय त्याचा अर्थ लागत नाही. आणि जरा पॉलिश मारलं तर चालेल का?

जुनं_लोखंड:
पॉलिश नको!! प्लीज. हलकं तेल, मऊ कापड, बस. तो राखाडी रंगच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, एकदा घासला की गेला.

आता तारीख. ती पेटंटची तारीख आहे, बनवल्याची नाही. १९१४ चं पेटंट म्हणजे रिव्हॉल्व्हर त्याच्या आधीचं नाही एवढंच सिद्ध होतं, कंपनी त्याच तारखा पुढे कितीतरी वर्षं बॅरलवर छापत राहिली आणि जवळपास प्रत्येकजण इथेच फसतो. खरं उत्तर त्या व्ही मध्ये आहे. त्या मॉडेलचे नंबर १९४२ मध्ये दहा लाखापर्यंत पोचले, मग व्ही लावून पुन्हा एकपासून सुरू केले, व्ही म्हणजे व्हिक्टरी. म्हणजे तुमचं दुसऱ्या महायुद्धातलं व्हिक्टरी मॉडेल, १९४२ च्या आधीचं असूच शकत नाही. ५ इंची बॅरल आणि ३८ एस अँड डब्ल्यू म्हणजे ब्रिटन आणि कॉमनवेल्थच्या सैन्यासाठी बनवलेलं, अमेरिकेने लेंड-लीजखाली (मित्रदेशांना युद्धसामग्री पुरवायची योजना) दिलेलं, म्हणून तो प्रॉपर्टीचा शिक्का. त्यांच्या स्वतःच्या नौदलाची बहुतेक ४ इंची आणि ३८ स्पेशल या वेगळ्या, लांब काडतुसाची असतात.

तांबूस:
एक बघा, व्ही च्या आधी एस आहे का? १९४४ च्या शेवटी एका खलाशाच्या हातून असंच रिव्हॉल्व्हर खाली पडलं, गोळी सुटली आणि माणूस गेला, त्यानंतर आत घोडा अडवणारा नवीन भाग बसवला आणि नंबर एसव्ही झाला. एस नसेल तर तुमच्यात तो भाग नसणार, म्हणजे भरून ठेवायचंच नाही. आत्ता हातात घेण्याआधी सुद्धा डावीकडचं बटण पुढे ढकलून सिलिंडर बाहेर काढा आणि सहाही घरं डोळ्यांनी बघा.

आणि नंबर कुठला वाचताय तेही महत्त्वाचं. मुठीच्या तळाचा खरा. सिलिंडर उघडल्यावर आत जो दिसतो तो कारखान्यात भाग जोडताना टाकलेला, त्याचा काही उपयोग नाही. तळाचा नंबर सिलिंडरच्या मागे आणि बॅरलच्या खाली पण असेल, तिन्ही जुळले तर भाग मूळचे. इथे टाकताना शेवटचे तीन आकडे झाका.

अस्मि_ज:
एस नाहीये, तिन्ही नंबर जुळतात!! रिकामं आहे, आधीच बघितलं. पणजोबांचं नाही हे ऐकून जरा वाईट वाटलं पण आजोबा दुसऱ्या युद्धात होते, मग त्यांचं स्वतःचंच असेल. बॅरलवर अजून बारीक शिक्के दिसले, मुकुटाखाली बीएनपी, मग .७६७ आणि ३½ टन.

जुनं_लोखंड:
मग थोडं थांबा. ते बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे बंदूक दाब सहन करते का हे तपासणाऱ्या संस्थेचे शिक्के आहेत, .७६७ म्हणजे काडतुसाच्या केसची लांबी इंचात आणि टन म्हणजे दाब. बीएनपी १९५४ च्या नियमांपासूनचा. सैन्यातून बाहेर पडलेला माल ब्रिटनमध्ये नागरिकांना विकण्याआधी असं प्रूफ करायचे, तेव्हा युद्धात आजोबांच्या कमरेला हेच होतं असं मला वाटत नाही, बहुधा नंतर घेतलेलं. जुन्या कागदात खरेदीची पावती किंवा पहिली नोंद शोधा, रिव्हॉल्व्हर घरात कधी आलं ते तिथेच कळेल. कारखान्यातून कधी आणि कुठे गेलं ते हवं असेल तर स्मिथ अँड वेसनच्या हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून लेटर मागवा, कारण माल नंबरच्या क्रमाने बाहेर पडत नव्हता, नुसत्या नंबरवरून महिना सांगणारा अंदाजच करतोय.

तांबूस:
३८ स्पेशल त्यात आत जाते का हे चांगल्या गनस्मिथला विचारा, स्वतः घालून बघू नका. युद्धानंतर बऱ्याच जणांनी घरं खोल करून घेतली, पण ती मूळची ३८ स्पेशलपेक्षा जास्त रुंद असतात त्यामुळे काडतुसाची केस फुगते, फाटते. आणि बाजूची प्लेट स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढू नका हं, कडा दबली की परत तशी बसत नाही.