बंकर हिल, १७ जून १७७५: दोष हाउच्या हल्ल्याचा की आणखी कशाचा?

खंदक: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या या लढाईला नाव बंकर हिलचं असलं तरी मुख्य झुंज झाली ती बॉस्टनकडच्या, ठेंगण्या ब्रीड्स हिलवर. अमेरिकन बंडखोरांचा कर्नल प्रेस्कॉट याच्या माणसांनी एका रात्रीत तिथे मातीची गढी उभारली. ब्रिटिश जनरल हाउनं तिच्यावर समोरून पायदळ घातलं, त्याचे २२६ मेले, ८२८ जखमी. या टेकड्या आहेत ती चार्ल्सटाउनची जमीन चिंचोळ्या पट्टीनं मुख्य भूमीला जोडलेली. दुसरा ब्रिटिश जनरल क्लिंटन सांगत होता तसं मागे उतरून ती पट्टी अडवली असती, तर गढीतले आपोआप कोंडले गेले असते. ब्रिटिश सरसेनापती गेजनं ते ऐकलं नाही, हा शुद्ध अहंकार.

दर्याकाठ: अहंकार म्हणून मोकळं होऊ नका. मागे उतरलेली तुकडी बंडखोरांची केंब्रिजकडची फौज आणि टेकडीवरची फौज यांच्या कात्रीत सापडली असती, गेजची ही भीती खरी होती. शिवाय हाउचा बेत समोरच्या धडकेचा नव्हताच. मिस्टिक नदीच्या वाळूवरून हलकं पायदळ पुढे काढायचं, गढीशेजारच्या कुंपणामागे दबा धरलेल्या बंडखोरांच्या पाठीशी जायचं आणि मग गढी घ्यायची. हे फसलं बंडखोरांकडच्या कर्नल स्टार्कमुळे. त्यानं काठावर दगड रचून वाट बंद केली. वाळूची पट्टी अरुंद, ब्रिटिश रांगा पसरणार कुठे? पुढची तुकडी पडली की मागची तिच्यावरच येऊन आदळे.

खंदक: बेत चांगला होता, मान्य. पण काठावरचा डाव फसल्यावर कुंपणासमोरचा हल्ला चालूच का ठेवला?

बारूदखाना: तिथे काय बिघडलं ते बारकाईनं बघा. ग्रेनेडियरांना, म्हणजे ब्रिटिशांच्या निवडक पायदळाला, हुकूम होता संगिनीनं भिडायचा, वाटेत गोळी झाडायची नाही. उंच, मजबूत कुंपणं ओलांडताना रांग मोडली, वरून मारा सुरू झाला आणि ते थांबून बार काढू लागले. ठासणीची बंदूक पुन्हा भरेपर्यंत माणूस उभ्या जागी निशाण होतो. मागची रांगही त्यांच्यातच मिसळली. तोफांनी वाट मोकळी करायची, तर सहा पौंडी तोफांसोबत आले बारा पौंडी गोळे! नळीत जाणार कसे? माझ्या मते ही अक्षम्य हेळसांड.

पहिले दोन हल्ले फसल्यावर तिसऱ्या खेपेला ब्रिटिशांनी पाठीवरची ओझी उतरवली, जोर गढीवर लावला आणि न थांबता संगिनी घेऊन गेले. तोवर प्रेस्कॉटकडची दारू संपत आली होती. तोफेची उरलीसुरली काडतुसं फोडून ती वाटली, एवढी टंचाई. संगिनी मोजक्यांकडेच, म्हणून बंदुकीच्या दस्त्यांनी लढले. बंडखोरांचे पुढारी डॉ. वॉरन तिथेच पडले.

दर्याकाठ: मग मागच्या बंकर हिलवर जमलेल्या माणसांचं काय? बंडखोरांचा जनरल पटनम ओरडून थकला, तरी बरेचसे खाली उतरले नाहीत. ग्लासगो आणि सिमेट्री ही ब्रिटिश जहाजं मुख्य भूमीला जोडणाऱ्या पट्टीवर गोळे टाकत होती, म्हणून अलीकडे यायलाही कित्येक कचरले. ताज्या दमाची माणसं आपापली दारू घेऊन गढीत पोचली असती, तर तिसरा हल्लाही परतवता आला असता.

बारूदखाना: आली असती, तरी संगिनी कुठून आणल्या असत्या? एकदा शत्रू मातीच्या भिंतीवरून आत उतरला, की पुन्हा बार भरायला सवड नसते.