मार्टिनेझ की मार्तीनेस? शिबिराच्या फ्लेक्सवर काय छापावं?

अजिंक्यतारा_सातारा
साताऱ्यात शाळकरी मुलांच्या बेसबॉल शिबिराचा फ्लेक्स छापायला द्यायचा आहे. त्यावर डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या दोन पिचरची (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंची) नावं मराठीत आणि स्पॅनिशमध्ये हवीत : पेड्रो मार्टिनेझ आणि जुआन मारिचल. उद्घाटनाला निवेदकही तीच नावं घेणार. बरोबर उच्चार कोणता? शिवाय मार्टिनेझमधल्या ‘आय’वरची तिरकी रेघ फ्लेक्सवाल्याकडे उमटत नाही, तिथे भलताच मराठी अक्षराचा तुकडा येतो. रेघ गाळली तर चालेल का?

कृष्णाकाठ
पेद्रो मार्तीनेस. हुआन मारिचाल.

इंग्रजीतून नाव आलं की आपण ट-ड लावतो आणि घोळ होतो. स्पॅनिशचे ‘टी’ आणि ‘डी’ दातांना जीभ लावून म्हणतात, म्हणजे आपले त आणि द. इंग्रजीत सातारा लिहिलेलं वाचून परका माणूस ‘सटारा’ म्हणतो, तीच गत मार्तीनेसची. आपल्याकडे त आणि ट दोन्ही अक्षरं असताना इंग्रजीची अडचण आपण का ओढवून घ्यायची?

शेवटचा ‘झेड’ लॅटिन अमेरिकेत सरळ स असतो. स्पेनच्या बऱ्याच भागात तो जीभ दातांत धरून थ-सारखा म्हणतात, पण हे दोघे डॉमिनिकन, तेव्हा स. तिकडे भरभर बोलताना तो स बऱ्याचदा गळतोही. निवेदकाने मात्र तो गाळू नये. हुआनमधला ‘जे’ म्हणजे ह, तोही हलका, घसा खरवडून नको.

आघातचिन्ह
रेघ गाळू नका, ती शोभेची नाही. शब्द स्वराने, ‘एन’ने किंवा ‘एस’ने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर आणि इतर व्यंजनाने संपला तर शेवटच्या अक्षरावर, असा स्पॅनिशचा नियम आहे. तो जिथे मोडतो तिथे रेघ देतात. मार्तीनेस ‘झेड’ने संपतो, म्हणजे नियमाने जोर ‘नेस’वर गेला असता. तो ‘ती’वर आहे, हे रेघ सांगते. म्हणून मराठीतही ती दीर्घ लिहा. मारिचाल ‘एल’ने संपतो, जोर ‘चाल’वरच, म्हणून त्याला रेघ नाही. ‘मारिचल’ लिहिलंत तर नेमका जोराचा आ जातो.

मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक बेसबॉल लीगने, २०१६ मध्ये ‘पोन्ले आसेन्तो’ ही मोहीम काढली, जर्सीवरच्या नावात ही चिन्हं यावीत म्हणून. अर्थ साधा : ‘आघातचिन्ह दे’.

टाइपसेटर
तुकडा उमटण्याचं कारण फॉन्ट. फ्लेक्सवाला युनिकोडआधीचा मराठी फॉन्ट वापरत असणार. त्या फॉन्टमध्ये रेघवाल्या लॅटिन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे भाग बसवलेले असतात. फक्त स्पॅनिश नाव निवडून त्याला एरियल किंवा टाइम्स न्यू रोमन द्यायला सांगा. तरीही जुळलं नाही तर रेघवाला ‘आय’ पुन्हा टाइप करा : नमलॉक चालू ठेवून, ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांवर ०२३७. आकड्यांचा वेगळा भाग नसेल तर वर्डमध्ये कंट्रोल आणि अपॉस्ट्रॉफी एकत्र दाबून सोडा, मग ‘आय’. मोबाइलवर ‘आय’ दाबून धरला की पर्याय येतात. मजकूर पक्का झाला की फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेखाकृतींमध्ये) बदलून घ्या, नाहीतर छपाईच्या संगणकावर फॉन्ट नसला की पुन्हा तेच. आणि संपूर्ण नाव कॅपिटलमध्ये असलं तरी रेघ राहतेच, तेव्हा आकडे ०२०५.

वाचक_मिरज
‘पेड्रो मार्टिनेझ’ला सरसकट चूक ठरवू नका. मराठी वर्तमानपत्रांत असंच छापतात आणि पालक मोबाइलवर तेच शोधणार.

कृष्णाकाठ
शोधण्यासाठी ते रूप पत्रकात एकदा कंसात देता येईल. पण मुलं फ्लेक्स रोज वाचणार, तिथे मार्तीनेसच हवं. १९९७, १९९९ आणि २००० असा तीनदा साय यंग पुरस्कार (मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा) मिळवणारा आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेलेला हा पिचर. मारिचाल तिथे १९८३ मध्ये पोहोचले, डॉमिनिकनांमध्ये पहिले. त्यांची नावं मुलांच्या तोंडी नीट बसायला हवीत.

निवेदकाला एवढं सांगा : मारिचालमधला च ‘चार’मधला, ‘चालणे’मधला नव्हे. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात आणि मराठी माणूस इथे हमखास ‘चालणे’कडे जातो, कारण पुढे ‘चाल’च लिहिलेलं असतं. त्याच्या कागदावर तेवढं ‘मारिच्याल’ लिहून द्या, फ्लेक्सवर नको.