वर्डच्या क्विक ॲक्सेस टूलबारवर कोणती बटणं ठेवावीत?

टंकनकक्ष:
विंडोजवर वर्डमध्ये मराठी इतिवृत्तं आणि अहवाल करायचे असतात. सेक्शन ब्रेक 'लेआउट'मध्ये, तक्त्याची शीर्ष-ओळ पुढच्या पानावर आणायचं बटण तक्त्याच्या टॅबमध्ये, नुसता मजकूर पेस्ट करणं 'होम'मध्ये, अशी शोधाशोध चालते. वरच्या छोट्या टूलबारवर नेमकं काय ठेवावं? तोच टूलबार दुसऱ्या संगणकावर नेता येतो का? एका संगणकावर लिब्रेऑफिस (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) आहे, तिथलंही सांगा.

अक्षरजुळणी:
आधी 'सेव्ह', 'अनडू', 'रीडू' काढून टाका. त्यांना कंट्रोल+एस, झेड, वाय आहेतच. टूलबारवर ती फुकट जागा अडवतात. कारण इथल्या बटणांना डावीकडून ऑल्ट+१, ऑल्ट+२ असे क्रमांक आपोआप मिळतात. नऊपर्यंत ते सोपं आहे, दहाव्या बटणाला ऑल्टनंतर ०९ दाबावं लागतं, पुढे ०८, ०७. म्हणून पहिल्या नऊ जागा मोलाच्या. ज्याला शॉर्टकट नाही आणि जे आत खोल दडलंय, तेच तिथे ठेवा. क्रम एकदा ठरला की बदलू नका, नाहीतर क्रमांकही बदलतात आणि बोटांची सवय मोडते.

रिबनवरच्या (वरच्या टॅब-बटणांच्या रुंद पट्टीवरच्या) बटणावर राइट क्लिक करून 'ॲड टू क्विक ॲक्सेस टूलबार' म्हटलं की झालं. नव्या आवृत्तीत हा टूलबार दिसतच नसेल तर रिबनवर राइट क्लिक करून तो दाखवायला सांगा. रिबनवर नसलेल्या आज्ञांसाठी: फाईल > ऑप्शन्स > क्विक ॲक्सेस टूलबार, आणि वरच्या यादीत 'ऑल कमांड्स'. तिथून 'पेस्ट अँड कीप टेक्स्ट ओन्ली' नक्की घ्या. ईमेलमधून किंवा संकेतस्थळावरून मराठी मजकूर आणताना त्याचा फॉन्ट आणि रंग सोबत येतो, आणि अहवालात एकेका परिच्छेदाचं वळण वेगळं दिसू लागतं. 'प्रिंट प्रिव्ह्यू एडिट मोड'ही घ्या. पान छपाईसारखं दिसत असतानाच दुरुस्ती करता येते.

'रिपीट हेडर रोज' (तक्त्याची शीर्ष-ओळ पुढच्या पानावर आणणारं बटण) टूलबारवर करडं दिसलं तर बिघाड समजू नका, कर्सर तक्त्यात नाही एवढंच. आत गेल्यावर ते जागं होतं. तेव्हाही कर्सर पहिल्या ओळीत हवा.

फाईलवाला:
टूलबार नेण्यासाठी त्याच ऑप्शन्सच्या खिडकीत खाली 'इम्पोर्ट/एक्स्पोर्ट' आहे. एक फाईल तयार होते, ती दुसरीकडे इम्पोर्ट करायची. मात्र तिथल्या माणसाने स्वतः केलेली रिबनची आणि टूलबारची मांडणी त्याने पूर्ण पुसली जाते. सामायिक संगणक असेल तर आधी तिथली एक्स्पोर्ट करून ठेवा.

उजवीकडच्या यादीत 'फॉर ऑल डॉक्युमेंट्स' आहे ना, हेही पाहा. 'फॉर' पुढे चालू फाईलचं नाव निवडलं गेलं तर बटणं त्या एकाच फाईलमध्ये राहतात आणि 'टूलबार गायब झाला' अशी तक्रार येते.

मुक्तस्रोत:
लिब्रेऑफिस रायटरमध्ये टूल्स > कस्टमाइझ > 'टूलबार्स'. असलेलंच बटण दाखवायचं-लपवायचं असेल तर टूलबारवर राइट क्लिक, 'व्हिजिबल बटन्स'. अरुंद पडद्यावर न मावलेली बटणं उजव्या टोकाच्या दुहेरी बाणामागे असतात, ती हरवलेली नसतात.

अख्खा टूलबारच गेला असेल तर व्ह्यू > टूलबार्समध्ये 'स्टँडर्ड' आणि 'फॉरमॅटिंग'वर खूण करा. तरी मांडणी अनोळखी वाटली तर व्ह्यू > यूजर इंटरफेसमध्ये 'स्टँडर्ड टूलबार' निवडा. हेल्प > 'रीस्टार्ट इन सेफ मोड'मधला रीसेट अगदी शेवटी. त्यात बाकीच्या सेटिंग्जही मूळपदावर जातात.

टंकनकक्ष:
वर्डमध्ये एखादी ठरावीक स्टाईल (फॉन्ट, आकार वगैरेंचा नाव दिलेला संच) बटण म्हणून ठेवता येईल का?

अक्षरजुळणी:
नाही, सुटी स्टाईल टूलबारवर जात नाही. तिला शॉर्टकट द्या: स्टाईलवर राइट क्लिक, 'मॉडिफाय', डावीकडे खाली 'फॉरमॅट', मग 'शॉर्टकट की'. कळा दाबल्यावर 'असाइन' दाबायचं राहू देऊ नका.