पत्रिकेसाठी कॉर्मोरंट इटालिक: लहान अक्षरं टिकतील का?

सुटीअक्षरे: इंग्रजी-मराठी लग्नपत्रिका. कोटिंग नसलेला क्रीम कागद, ३०० जीएसएम, ऑफसेट. इंग्रजी मजकूर कॉर्मोरंट गॅरमंड या टंकाच्या (फॉन्टच्या) इटालिकमध्ये, म्हणजे तिरक्या अक्षरांत आहे. नावं छान उठतात, पण पत्त्याच्या ९ पॉइंटच्या ओळी प्रूफवर तुटक दिसतात. मागची बाजू मरून, त्यावर पांढरी अक्षरं. मराठीला इटालिक लावलं की तेही विचित्र दिसतं. काय बदलू?

खिळेजुळारी: कॉर्मोरंट मुळात मोठ्या आकारासाठी आखलेला टंक आहे. बारीक रेषा अगदी केसासारख्या, आणि छोट्या अक्षरांची उंची कमी. त्याचा ११ पॉइंट टाइम्सच्या साडेनऊसारखा वाटतो, मग ९ची गत काय! नावं २४च्या वर असतील तर लाइट किंवा रेग्युलर इटालिक खुशाल ठेवा. पत्ता ११-१२ करा आणि मीडियम किंवा सेमीबोल्ड इटालिक घ्या. तरी नाजूक वाटला तर ईबी गॅरमंडचं इटालिक लावून बघा. ते १५९२च्या एगेनोल्फ-बर्नर नमुनापत्रकातल्या, अक्षरं कोरणाऱ्या ग्रांजाँच्या इटालिकवर बेतलंय आणि मजकुराच्या आकाराला जास्त सोसतं.

मरून बाजूची भीती जास्त. तो रंग चार प्लेटांतून येणार असेल तर रजिस्टर (प्लेटांची एकमेकांवरची जुळणी) जरा हललं तरी पांढऱ्या रेषा भरून जातात. एकच स्पॉट रंग (आधीच मिसळलेली एक शाई) घ्या, आणि पांढरी अक्षरं सेमीबोल्डच्या खाली नकोत.

मात्रावेलांटी: आधी इटालिक खरं आहे का ते पाहा. छोटा ए (a) दुमजलीच, म्हणजे पोटावर वेगळा बाक असलेला राहिला असेल, तर इटालिकची फाइल बसलेली नाही आणि सॉफ्टवेअरने सरळ अक्षरच कलवलंय.

मराठीत नेमकं हेच होतं. शिरोरेषा आडवीच राहते, काने तेवढे कलतात. पॉपिन्ससारख्या काही टंकांत आखलेली तिरकी देवनागरी आहे, पण या पत्रिकेत ती परकी वाटेल. मराठी सरळच ठेवा. तिरो देवनागरी मराठी या टंकात जाड-बारीक रेषांचा फरक आहे आणि ल, श मराठी वळणाचे आहेत, त्यामुळे गॅरमंड घराण्याशी त्याचं जमतं. १३च्या कॉर्मोरंटशेजारी ११पासून सुरुवात करा, पुढे डोळ्यांनी जुळवा.

सुटीअक्षरे: वधूवरांची नावं पूर्ण कॅपिटलमध्ये इटालिक केली तर?

खिळेजुळारी: नको. १५०१मध्ये व्हेनिसला प्रकाशक आल्डस मनुटियससाठी ग्रिफो या कारागिराने इटालिक कोरलं तेव्हा छोटी अक्षरंच तिरकी होती, कॅपिटल सरळ. इटालिकची लय छोट्या अक्षरांच्या जोडणीत असते. कॅपिटलच हवी असतील तर सरळ रोमन घ्या आणि अक्षरांत थोडी मोकळीक ठेवा. स्वॉश (अक्षराचा शोभेचा फराटा) हवा असेल तर फक्त नावाच्या पहिल्या अक्षराला. इनडिझाइनमध्ये तो ओपनटाइपच्या यादीत मिळतो. वर्डमध्ये ती सोय नाही. प्रेसला देताना अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचे नुसते आकार बनवा; मग मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. पत्ता शेवटच्या क्षणी बदलतोच.